स्पेनच्या खालच्या लीगमधून आलेल्या खेळाडूचा तक्ता कसा वाचावा

आपल्या फुटबॉल क्लबने, एफसी गोवाने, नवा स्पॅनिश खेळाडू घेतल्याची बातमी फुटली की तासाभरात तीन गोष्टी फिरू लागतात. बार्सिलोनाच्या नाहीतर बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकच्या जर्सीतला त्याचा कोवळा फोटो, ढणढण संगीत लावलेली गोलांची चित्रफीत, आणि 'ला लीगात खेळलेला' अशी जाहिरात. माझा भाचा हे तिन्ही मला पाठवतो आणि खाली विचारतो, "आत्या, कसा आहे गो हा?"

मी फोंड्याला पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासायचे. अर्जात जी ओळ सगळ्यात ठळक लिहिलेली असते ती बहुतेक वेळा सगळ्यात कमी कामाची असते, आणि खरी माहिती दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसलेली असते. खेळाडूच्या कारकिर्दीचा तक्ता, म्हणजे कुठल्या साली कुठल्या क्लबात किती खेळला त्याची यादी, हाही मी तसाच वाचते. मोठ्या क्लबचं नाव शेवटी बघायचं. आधी वय, साल आणि मिनिटं. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, मैदानावर एकावेळी चारच परदेशी उतरवता येतात म्हटल्यावर एक जागा चुकली तर हंगाम लंगडतो, तेव्हा एवढा अभ्यास आपण मडगावला फातोर्ड्याच्या मैदानातल्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांनीही करायला हरकत नाही.

तक्ता कुठे बघायचा? विकिपीडियावर लीगचे सामने आणि गोल मिळतात, पण मिनिटं नसतात. त्यासाठी ट्रान्सफरमार्क्ट आणि स्पेनपुरतं बीडीफुटबॉल ही संकेतस्थळं. अगदी तळच्या लीगसाठी ला प्रेफेरेंते. शोधताना पूर्ण नाव टाका, दोन्ही आडनावांसकट. स्पेनमध्ये टोपणनाव पाठीवर लिहून खेळायची रीत आहे. गोव्याकडून खेळलेला आपला स्ट्रायकर कोरो कागदोपत्री फेर्रान कोरोमिनास आहे, आणि नुसतं 'कोरो' टाकलंत तर भलतेच लोक समोर येतील.

शिडी आधी पाठ करा

वर प्रिमेरा, म्हणजे ज्याला आपण ला लीगा म्हणतो, २० संघ. तिच्या खाली सेगुंदा, २२ संघ, ४२ सामने. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये कायद्याने 'व्यावसायिक' स्पर्धा म्हणून मान्यता असलेल्या या दोनच. त्याखालचं सगळं स्पॅनिश महासंघाच्या हातात. खेळाडू तिथेही पगार घेतात, करार करतात, दुसरा धंदा न करता जगतात, निदान वरच्या एका पायरीवर तरी. पण तिथली जमीन मऊ आहे, कधी पाय रुतेल सांगता येत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. २०२१ मध्ये ही खालची शिडी नव्याने बांधली. त्याआधी तिसरी पायरी होती सेगुंदा बी, १९७७ पासूनची, आणि तिच्यात चार गटांत मिळून ८० संघ खेळायचे. २०२१ नंतर तिसरी पायरी झाली प्रिमेरा फेदेरासिओन, २० संघांचे दोन गट, एकूण ४०. चौथी सेगुंदा फेदेरासिओन, १८ संघांचे पाच गट. पाचवी तेर्सेरा फेदेरासिओन, १८ गट, म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्वायत्त प्रदेशाचा एक.

याचा अर्थ असा, की २०१८ चा 'तिसऱ्या पायरीवरचा खेळाडू' आणि २०२३ चा 'तिसऱ्या पायरीवरचा खेळाडू' एकाच मापाने मोजू नका. जागा निम्म्या झाल्या. २०१८ मध्ये सेगुंदा बीच्या तळाच्या संघात नियमित खेळणारा माणूस आजच्या हिशेबाने चौथ्या पायरीचा असू शकतो, आणि आज प्रिमेरा फेदेरासिओनमध्ये सलग दोन हंगाम ११ जणांत असलेला खेळाडू त्याच्यापेक्षा बराच कसलेला असतो. चाहते इथे हमखास गफलत करतात, कारण नावात 'प्रिमेरा' आलं की छाती फुगते.

गोल नव्हे, मिनिटं

सेगुंदाचा पूर्ण हंगाम ४२ सामन्यांचा, म्हणजे ३,७८० मिनिटं. प्रिमेरा फेदेरासिओनचे ३८ सामने, ३,४२० मिनिटं. सेगुंदा फेदेरासिओनचे ३४, म्हणजे ३,०६०. खेळाडूच्या मिनिटांना याने भागा. सत्तर टक्क्यांच्या वर गेला तर प्रशिक्षकाचा त्याच्यावर भरवसा होता. चाळीसच्या खाली सलग दोन वर्षं गेला, तर दुखापत शोधा. दुखापत सापडली नाही, तर कारण बहुधा त्याहून वाईट आहे.

'३० सामने' हा आकडा फसवा असतो. तीस वेळा ऐंशीव्या मिनिटाला उतरलेला माणूसही तीस सामने खेळलेलाच असतो.

दोन हंगाम मात्र वेगळे काढून ठेवा. २०१९-२० मध्ये कोविडमुळे सेगुंदा बीचा साखळी हंगाम २८ फेऱ्यांवरच थांबला. त्या वर्षी २५ सामने म्हणजे जवळपास सगळे. पुढच्या २०२०-२१ ला तर, आदल्या वर्षी कुणाला खाली पाठवलं नव्हतं म्हणून, १०२ संघ झाले. त्यांचे लहान लहान उपगट पाडले आणि पहिल्या टप्प्यात १८ किंवा २० च सामने झाले. या दोन वर्षांचे आकडे बघून "दोन वर्षं बसूनच होता की" असं म्हणणारे मी दरवर्षी बघते. बसून नव्हता हो, जग बसून होतं.

स्ट्रायकर असेल तर गोलांपैकी पेनल्टी किती ते वेगळं बघा, आणि तो संघ शेवटी कितवा आला तेही. तळाच्या संघात नऊ गोल हे अव्वल संघातल्या चौदांच्या तोडीचे असतात, असं माझं मत. माझा भाऊ हे मानत नाही.

मोठ्या क्लबचं नाव: ते कुठल्या संघाचं?

स्पेनमध्ये मोठ्या क्लबचा दुसरा संघ, म्हणजे फिलियाल, त्याच शिडीवर इतरांबरोबर खेळतो. रियाल माद्रिदचा कास्तिया, बार्सिलोनाचा बी, अ‍ॅथलेटिकचा बिल्बाओ अ‍ॅथलेटिक. नियम एवढाच, की तो पहिल्या संघाच्या पायरीवर जाऊ शकत नाही. कितीही जिंकला तरी एक पायरी खालीच. कास्तिया १९८० मध्ये कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या बाद पद्धतीच्या राजचषकाच्या, अंतिम सामन्यात पोचला होता, समोर स्वतःचाच थोरला संघ, निकाल ६-१. अशी गंमत त्या पद्धतीतच आहे.

तक्ता वाचताना याचा उपयोग असा. 'अ‍ॅथलेटिक क्लब, ३ सामने' आणि त्याच वर्षी 'बिल्बाओ अ‍ॅथलेटिक, ३१ सामने' असं दिसलं, तर ती ३१ ची ओळ खरी आणि तीनची ओळ शोभेची. तो पोरगा कुणी आजारी पडल्यावर वर बोलावला गेला होता. पाठीवरचा आकडाही सांगतो: पहिल्या संघाचे क्रमांक १ ते २५, त्यापुढचा असेल तर तो फिलियालमधून आलेला. फोटोत २५ च्या पुढचा आकडा दिसला की माझा उत्साह आवरतो.

पण फिलियालला तुच्छ लेखायचंही नाही. एदू बेदियाचा तक्ता आठवा: सांतांदेरचा रासिंग, एर्कुलेस, बार्सिलोना बी, ओविएदो, सारागोसा, आणि मग आपल्याकडे २०१७ ला. बार्सिलोना बी तेव्हा सेगुंदात खेळत होता, म्हणजे ती ओळ शाळेतल्या मुलांच्या फुटबॉलची नव्हे, दर आठवड्याला पोटापाण्यासाठी खेळणाऱ्या पुरुषांविरुद्धची. ती ओळ आणि सारागोसाची ओळ एकत्र वाचली असती, तर हा मधल्या फळीत चेंडू हरवणार नाही एवढं आधीच कळलं असतं. पुढची सहा वर्षं फातोर्ड्याने ते बघितलंच.

तेविसावं वर्ष

जन्मतारखेत २३ मिळवा आणि त्या हंगामाच्या ओळीवर बोट ठेवा. तोवर तो फिलियालच्या नोंदणीवर वर-खाली करू शकतो, त्यानंतर नाही. खालच्या लीगमध्येही मोठ्या वयाच्या खेळाडूंच्या जागा ठरावीक असतात, म्हणून क्लब बाविशीतला पोरगा आनंदाने घेतो आणि पंचविशीतल्याला दहादा तपासतो. त्या वळणावर जो सेगुंदात टिकला त्याला चांगला पगार मिळतो. २०१९-२० मध्ये सेगुंदाचं किमान वेतन वर्षाला ७७,५०० युरो होतं, प्रिमेराचं त्याच्या दुप्पट. खालच्या पायरीवर अशी हमी फार पातळ होते. तेविसाव्या वर्षी खाली गेला आणि पंचविशीत परत वर आला, अशी खूण दिसली तर मी त्या नावाखाली रेघ ओढते. ती परतीची वाट फार थोड्यांना सापडते.

अ‍ॅथलेटिकचा स्ट्रायकर आदूरिस अशातलाच. आउर्रेरा, बिल्बाओ अ‍ॅथलेटिक, मग बुर्गोस, म्हणजे तेविशीपर्यंत सगळी धूळ सेगुंदा बीची. तिथून वायादोलिद, आणि पस्तिसाव्या वर्षी २०१६ च्या युरोत स्पेनकडून. मिचू तर त्याहून खालचा: ओविएदो तेर्सेरात, म्हणजे तेव्हाच्या चौथ्या पायरीवर, असताना तिथे सुरुवात, मग सेल्टा, रायो, २०१२ ला स्वान्सी आणि पहिल्याच प्रीमियर लीग हंगामात १८ गोल. घोट्याने दगा दिल्यावर तो परत आस्तुरियासच्या लांग्रेओत, चौथ्या पायरीवर जाऊन खेळला. त्याचा तक्ता उलटा धरला तरी सारखाच दिसतो.

उसनवारी, म्हणजे लोन, हीसुद्धा याच वयात जास्त. एका क्लबकडून दोनदा लोनवर गेला आणि दोन्हीकडे मिनिटं भरपूर, तर उत्तम. पाच वर्षांत चार लोन आणि मूळ क्लबात शून्य सामने, तर कुणीतरी करार संपायची वाट बघत होतं.

क्लब बुडाला की खेळाडू?

इथे जरा थांबून वाचा, कारण तक्त्यातली सगळ्यात मोठी फसगत इथे होते. खालच्या लीगमध्ये क्लब खेळात हरून जितके खाली जातात, त्याच्या जोडीला पैसे थकवूनही जातात. ठरलेल्या मुदतीत खेळाडूंची थकबाकी चुकवली नाही, तर मैदानावरची जागा कितवीही असो, संघ पायरी गमावतो. ओविएदोने २००३ मध्ये दोन्ही भोगलं: आधी हरून सेगुंदातून सेगुंदा बीत, आणि लगेच थकबाकीपायी तेर्सेरात. म्हणूनच मिचूची सुरुवात तिथे. एल्चे २०१५ मध्ये प्रिमेरात तेरावा आला होता. कर्जापायी तरी त्याला सेगुंदात ढकललं, आणि खरोखर हरलेला एइबार वर राहिला.

म्हणून 'खालच्या पायरीवर गेला' असं दिसलं की आधी त्या क्लबचं त्या वर्षीचं पान उघडा.

काही नावं आणि सालं लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होतं. २०१८-१९ आणि रेउस: जानेवारीत संघाला सेगुंदातून काढून टाकलं, उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना १-० ने बहाल. खेळाडूच्या नावावर अर्धाच हंगाम दिसेल आणि फेब्रुवारीपासून दुसरा क्लब, नाहीतर कोरी जागा. दोष त्याचा नाही. २०२१-२२ आणि एस्त्रेमादुरा, आल्मेन्द्रालेखोचा संघ: हंगाम अर्ध्यात असताना गाशा गुंडाळला. २०१७-१८ आणि लोर्का: सेगुंदातून खाली गेला आणि त्याच उन्हाळ्यात थकलेल्या पगारांमुळे आणखी खाली. आपला कार्लोस पेन्या लोर्काहूनच गोव्यात आला होता. तेव्हा पस्तिशीचा. 'खाली गेलेल्या संघाचा म्हातारा बचावपटू' असं त्याच्याबद्दल बोललं गेलं होतं. वायादोलिद, ओविएदो, हेताफे या ओळी त्यांनी वाचल्या नसाव्यात. २०१९ चा सुपर कप आला, आणि पुढे तो इथला प्रशिक्षकही झाला.

थकलेल्या पगारात खेळाडू कसे वागतात हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण एक प्रसंग माहीत असू द्या. ३० जानेवारी २०१४. रासिंग तेव्हा सेगुंदा बीत, आणि तरीही कोपा देल रेच्या उपांत्यपूर्व फेरीत, समोर रियाल सोसिएदाद. महिनोन् महिने पगार नाही. शिट्टी झाली आणि रासिंगचे अकराही जण मधल्या वर्तुळात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. खेळलेच नाहीत. सामना तिथेच संपला. त्याच संघाने त्याच हंगामात सेगुंदात बढती मिळवली. त्या वर्षीच्या रासिंगची ओळ कुणाच्या तक्त्यात दिसली, तर मी गोल मोजत नाही.

खेळाडूंची संघटना, एएफई, १९७८ पासून आहे. २०११ ला तिने संप करून ला लीगाची पहिली फेरी थांबवली, कारण दोनशेहून जास्त खेळाडूंचे मिळून सुमारे पाच कोटी युरो थकले होते. ती रक्कम बघितली की दर उन्हाळ्यात क्लब बदलणारा माणूस चंचलच असेल असं वाटेनासं होतं.

उतरताना कसा उतरला

तिशीनंतर जवळजवळ सगळेच उतरतात. बघायचं ते हे, की तो कुठल्या बाजूने उतरला. एक वाट घराकडची: जन्मगावाच्या आसपासचा क्लब, कमी पैसे, मुलांची शाळा. लुकास पेरेस २०२३ च्या जानेवारीत प्रिमेरातल्या कादिसमधून थेट तिसऱ्या पायरीवरच्या देपोर्तिवोत गेला. आपलं गाव ला कोरुन्या म्हणून, आणि करारातून सुटकेच्या रकमेतले जवळपास पाच लाख युरो स्वतःच्या खिशातून भरून. तक्त्यावर हे दोन पायऱ्यांची घसरण म्हणून दिसतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच्याच फ्री-किकवर देपोर्तिवो सेगुंदात परतला. अशा माणसाला तुम्ही कितीही पैसे दिलेत तरी गोव्याला येणार नाही, हे एजंटच्या यादीत त्याचं नाव दिसलं तरी समजून घ्या.

दुसरी वाट बाहेरची: सायप्रस, ग्रीस, पोलंड, आणि मग भारत. आपल्याकडे येतात ते बहुतेक याच वाटेचे, आणि माझ्या मते हेच बरे. इगोर आंगुलो बघा. अ‍ॅथलेटिकच्या घरचा, पण तिथे रुजला नाही. रियाल युनिओनसारखे सेगुंदा बीचे क्लब, मग सायप्रस, ग्रीस, आणि बत्तिशीत पोलंडचा गुर्निक झाब्झे. २०१८-१९ ला तिथल्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा, २४ गोल. २०२० मध्ये आपल्याकडे आला आणि पहिल्याच हंगामात १४ गोल. फक्त स्पेनच्या ओळी वाचल्या असत्या तर त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. जो माणूस परक्या भाषेत, परक्या जेवणावर, दोन-तीन देशांत सलग हंगाम काढतो, त्याला मडगावची नोव्हेंबरची दमट हवा फार जड जात नाही.

कोरोचंही शेवटचं पान सायप्रसचंच होतं, दोक्सा. त्याआधी एस्पान्योल, जिरोना, एल्चे, मायोर्का. चौतिसाव्या वर्षी आला आणि आयएसएलच्या ५७ सामन्यांत ४८ गोल. इथे जाहिरात खरी निघाली, असंही होतं.

बाहेरच्या वाटेत एक तपासणी मात्र करा: तो हंगाम संपवून निघाला की मधेच? स्पेनमध्ये करार साधारणपणे ३० जूनला संपतात, आणि हिवाळी खिडकी जानेवारीअखेर बंद होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'करार परस्पर संमतीने संपला' असं दिसलं, तर त्या गावचं वर्तमानपत्र उघडा.

गावचं वर्तमानपत्र

हे काम कुणी करत नाही, म्हणून सांगते. माद्रिद-बार्सिलोनाचे खेळदैनिक या पायरीवरच्या माणसाबद्दल चार ओळी लिहितील. खरी माहिती प्रांताच्या पेपरात असते. सांतांदेरसाठी एल दियारिओ मोंतान्येस, आस्तुरियाससाठी ला नुएवा एस्पान्या, सारागोसासाठी एराल्दो दे आरागोन, लेओनसाठी दियारिओ दे लेओन. खेळाडूचं आडनाव आणि क्लबचं नाव टाका, फोनवरच मराठीत भाषांतर करून घ्या. भाषांतर विनोदी होतं, पण गुडघा कुठला दुखत होता, प्रशिक्षकाशी खटका कशावरून उडाला, निरोपाच्या दिवशी लोक उभे राहिले की नाही, एवढं कळतं. त्यातली शेवटची गोष्ट मला आकड्यांहून जास्त पटते.

यूट्यूबवर खालच्या लीगचे काही पूर्ण सामने मिळतात. गोलांची चित्रफीत सोडा आणि तो हरलेला एक सामना बघा, सत्तराव्या मिनिटानंतरचा भाग. चेंडू त्याच्याकडे नसताना तो चालतो की धावतो, एवढंच.

हे सगळं मैदानावरच्या दहांसाठी. गोलरक्षकाचं गणित निराळं. तो तीन-तीन वर्षं दुसऱ्या क्रमांकावर बसतो आणि तरी चांगला असू शकतो, म्हणून मिनिटांचा भागाकार तिथे चालत नाही. त्याच्यासाठी कोपा देल रेचे सामने बघा, बरेच क्लब दुसऱ्या गोलरक्षकाला तिथेच उतरवतात. तेवढ्यावरही समाधान झालं नाही, तर मी भाच्याला लिहून टाकते, "हा मला कळत नाही रे, तुझ्या बाबाला विचार."